सगळे एकाच गाडीत

उपासना रामटेके हॉटेलच्या खोलीत शिरली की आधी आग लागल्यावर उतरायचा जिना शोधते. मग गादी उचलून खाली बघते. मगच बॅग आत घेते. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून कोणी मिठाई आणली की डब्यावरची तारीख वाचते, वास घेते, एक तुकडा मोडून आतून बघते. तोवर पाहुण्यांचा चहा संपतो. ती राहते त्या ट्रॉयमधल्या मराठी बायकांत तिच्यावर विनोद चालतात. ती दारात दिसली की कोणीतरी म्हणतं, भाज्या झाका गं, इन्स्पेक्शन आलं. ती हसते. भाज्या बघतेच.

तिचं पोटही त्यावरच चालतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती सेन्सरची सर्किटं तपासते. गाडी धडकली की एअरबॅग उघडायला सांगणारा सेन्सर. तळहातावर मावेल एवढी पट्टी. ती तापवायची, गोठवायची, थरथरवायची, आणि कुठे दगा देते ते शोधायचं. एकदा मॅनेजरने घाईत सही मागितली. हिने दिली नाही. सगळी टीम तिच्यावर चिडली. पुढे त्याच पट्टीच्या डाखात, म्हणजे सोल्डरच्या जोडात, केसाएवढी चीर सापडली. तेव्हापासून तिच्या संशयाला ऑफिसात मान आहे.

हा स्वभाव आईचा. आई नागपुरात, इंदोऱ्यात, शिवणकाम करायची. दुकानात कितीही महागाचा कपडा दाखवला तरी ती आधी उलटा करून शिवण बघायची. छोटी उपासना शेजारी उभी राहून तेच करायची. दोघींनी मिळून किती दुकानदार वैतागवले असतील. उपासनाची मुलगी इला जन्मली त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. उपासनाला विमान मिळालं, पण वेळेवर नाही.

इला दहा महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे तिच्या बोटातून रक्त घेतलं. दोन दिवसांनी क्लिनिकमधून फोन आला. रक्तात शिसं आहे. फार नाही, पण असायला नको तेवढं.

फोनवरची नर्स हळू आवाजात बोलत होती. घाबरू नका म्हणत होती, आणि ऐकून कोणीही घाबरावं असंच सगळं सांगत होती. शिसं वाढत्या मेंदूला लागतं. वरून काही दिसत नाही. मूल हसतं, रांगतं, आणि शाळेत गेल्यावर कधीतरी लक्षात येतं. एवढ्या प्रमाणाला औषध देत नाहीत. ते कशातून येतंय ते शोधायचं आणि बंद करायचं. थोड्या दिवसांनी शिरेतून रक्त काढून पुन्हा बघू.

मग तिने प्रश्न विचारले. घर जुनं आहे का? रंगाचे पोपडे निघतात का? खेळणी कुठली? हळद, मसाले भारतातून आणता का? डोळ्यांत काजळ घालता का? मुलीला घरगुती औषध देता का, काही उगाळून वगैरे? भांडी कसली? उपासनाने पटापट उत्तरं दिली. घर नवं. भांडी स्टीलची. काजळ नाही, औषध नाही.

फोन ठेवल्यावर ती कामाला लागली. हळद फेकली, धणेपूड फेकली, रंगीत खेळणी पिशवीत बांधून गॅरेजमध्ये ठेवली. नळाचं पाणी तपासायला पाठवलं. खिडक्यांच्या कडांवरची धूळ कापसावर घेऊन तीही पाठवली. सगळं स्वच्छ असल्याचं कळलं. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. उपासनाला वाटलं नाही. घरात काही सापडत नाही म्हटल्यावर माणसं उरली.

माणसं दोनच. रवी, तिचा नवरा, आयटीवाला. तो इलाला खेळवायचा, पण भरवण्याच्या वाटेला जायचा नाही. तो सुटला. उरल्या सासूबाई.

संघमित्राबाई नागपूरच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उपासनाची रजा संपली तेव्हा त्या इथे आल्या, इला वर्षाची होईपर्यंत राहायचं ठरवून. साडीवर रवीचं जुनं जॅकेट, पायात पांढरे बूट, आणि चालणं प्रार्थनेची घंटा झाल्यासारखं. दिवसभर इला त्यांच्याकडे. दृष्ट, तीट, काळा दोरा यांतलं काही त्यांनी आयुष्यात केलं नाही. इलाच्या नामकरणाला शेजारच्या काकूंनी काळे मणी आणले, तर त्यांनी हसून परत दिले आणि काकूंना चहाबरोबर अर्धा तास व्याख्यान दिलं. म्हणूनच त्यांच्यावर संशय घेताना उपासनाला आपलीच लाज वाटायची. लाज वाटली म्हणून संशय थांबला नाही.

कारण काहीतरी होतं. दिवसातून दोनदा बाथरूमचं दार आतून बंद व्हायचं आणि बराच वेळ नळ वाहायचा. नंतर तिथे जळकट वास यायचा. बेसिनच्या जाळीत काळे कण दिसायचे. एकदा इलाच्या लाळेऱ्यावर काळा डाग दिसला, बोट टेकल्यासारखा. उपासनाने तो नखाने खरवडून पाहिला. काजळच, तिला वाटलं. किंवा काजळात काही मिसळलेलं.

तिने सरळ विचारून पाहिलं होतं. आई, इलाला कधी काजळ लावता का? सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, आपल्या घरात? रवीला तरी कधी लावलं का मी? उत्तर ठणठणीत होतं. पण ते देता देता त्यांनी टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. उपासनाने उत्तर ऐकलं आणि पर्स बघितली.

रवीला सांगितलं तेव्हा तो चिडला. आई आपलं सगळं सोडून इथे आलीय, म्हणाला, आणि तू तिची झडती घेणार?

"उपा, ती माझी आई आहे. सर्किट नाही."

"म्हणूनच विचारतेय. सर्किट खोटं बोलत नाही."

 मग दोघांत ठरलं ते असं. पुढच्या तपासणीच्या आत काही सापडलं तर ठीक. नाही तर इला डे-केअरला जाईल आणि आई नागपूरला. उपासनाने विमानाचं तिकीट बघूनही ठेवलं. आईला सांगणार कोण, हे मात्र दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

अशात रवीने सफारीचं काढलं. ओहायोत एक पार्क आहे, आपलीच गाडी घेऊन जनावरांमधून फिरायचं, ऑफिसातला एकजण लहान बाळाला घेऊन जाऊन आलाय. घरातली हवा जरा बदलेल असं त्याला वाटलं. उपासना नाही म्हणेल याचीही खात्री होती. दहा महिन्यांचं मूल, लांबचा रस्ता, जनावरं. पण ती लगेच हो म्हणाली. रवी बघतच राहिला.

तिचा हिशेब वेगळा होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे एकाच गाडीत. दार बंद करायला बाथरूम नाही. इला कारसीटमध्ये बांधलेली. कोण तिला काय देतं ते डोळ्यांसमोर. आणि सासूबाईंच्या त्या दोन वेळा दिवसभरात कुठे ना कुठे येणारच.

निघताना बसायच्या जागाही तिनेच ठरवल्या. आई, तुम्ही पुढे बसा, तुम्हाला नीट दिसेल. मी मागे, इलाच्या शेजारी. संघमित्राबाई पुढे बसल्या. पर्स मांडीवर.

टोलेडोच्या अलीकडे गाडी थांबवली. सासूबाई वॉशरूमला गेल्या. उपासना इलाचं डायपर बदलायचं निमित्त काढून मागोमाग गेली. सगळ्या बायका येऊन जात होत्या, आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर संघमित्राबाई पाठ करून वाकल्या होत्या. पाणी जोरात सोडलेलं. आरशात उपासनाला त्यांचा चेहरा दिसला नाही. बेसिन दिसलं. त्यातून काळं पाणी वाहत होतं. सासूबाई साबण लावून हात चोळत होत्या, पुन्हा पुन्हा, नखांच्या आतपर्यंत. उपासना इलाला घेऊन तशीच मागे फिरली.  सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता, तो मात्र कुठेच नव्हता.

गाडीत परत आल्यावर सासूबाईंनी मागे वळून इलाच्या गालाला हात लावला. उपासनाने इलाचा पाय उगाच ओढून घेतला. इला हसली. तिला तो खेळ वाटला.

पार्कच्या फाटकावरच्या मुलीने धान्याचे पेले दिले आणि नियम सांगितले. दारं उघडायची नाहीत. खाली उतरायचं नाही. पुढच्या गाडीच्या मागे हळूहळू जायचं. बायसन जवळ असले तर काचा वर. रवी खुशीत आला. ताडोब्यात जिप्सीवाल्याच्या मर्जीवर बसावं लागतं, म्हणाला, इथे स्टिअरिंग आपल्या हातात.

"वाघ आहे का?" संघमित्राबाईंनी विचारलं.

"नाही, आई. वाघ कसा सोडतील?"

"मग एवढ्या लांब गाई बघायला आलो आपण?"

रवी हसला. उपासनाला हसू आलं नाही. ती पुढच्या सीटमधल्या फटीतून पर्सचा पट्टा बघत होती.

सुरुवातीला हरणं होती, मग लोकरीचे अल्पाका, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. गाड्यांची रांग गोगलगाईसारखी सरकत होती. अल्पाका प्रत्येक खिडकीत डोकं घालून वसुली करत होते. इलाची कारसीट मागे तोंड करून होती, त्यामुळे तिला बाजूच्या काचेतून अचानक एकेक थोबाड दिसायचं. ती आधी गप्प व्हायची, मग दोन्ही हात आपटायची. उपासनाने आपल्या बाजूची काच घट्ट बंद ठेवली होती. जनावरांची लाळ, जंतू, कुठलं धान्य कोण जाणे.

पुढे वळणावर रांग थांबली. रस्त्याच्या मधोमध एक बायसन उभा होता. आपला गवाच, फक्त केसाळ आणि हट्टी. तो हलायला तयार नव्हता. मागेही गाड्या लागल्या. इंजिनं घरघरत राहिली. इलाची भुकेची वेळ झाली आणि ती रडायला लागली. दुधाची बाटली येता येताच संपली होती. उपासनाने थर्मास काढला. घरून करून आणलेली ज्वारीची आंबील, मीठ न घातलेली, ताकात पातळ केलेली. इलाला ती फार आवडायची. आंबट लागली की डोळे मिचकावायची आणि पुन्हा तोंड उघडायची.

तेवढ्यात पुढून किंकाळी आली. संघमित्राबाईंची काच अर्धी खाली होती. त्यातून एका अल्पाकाने मानेपर्यंत डोकं आत घातलं होतं आणि त्यांच्या मांडीवरच्या पेल्यात तोंड खुपसलं होतं. आयुष्यभर शेकडो पोरांना नजरेने बसवणाऱ्या बाई दोन्ही हात वर करून सीटला चिकटल्या. रवी बटण दाबायला वाकला, पण काच वर करावी तर जनावराची मान अडकेल. पेला उलटला, धान्य उडालं, पर्स घसरली आणि उघडी पडली. अल्पाका आपलं काम उरकून निघून गेला.

पर्समधली एक छोटी पत्र्याची डबी घरंगळत सीटखालून मागे आली. उपासनाच्या बुटाला लागली.

तिने ती उचलली. झाकण घट्ट होतं. तिने नखाने उघडलं. आत काळी पूड होती, अर्ध्यावर आलेली. तोच जळकट वास गाडीभर पसरला.

"आई, हे काय आहे?"

संघमित्राबाईंनी मागे वळून पाहिलं आणि लगेच पुढे तोंड केलं.  इला रडत होती. बाहेर बायसन उभाच होता.

"तुम्ही इलाला हे लावता? की खायला देता?"

"उपा, आवाज खाली," रवी म्हणाला. मग त्याने हात मागे केला, डबी घेतली, नाकाशी धरली, आणि त्याचा चेहरा बदलला. तो आईकडे बघत राहिला. "आई, ही मशेरी आहे. तू मशेरी लावतेस?"

मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. बायका दातांना घासतात. आधी दात दुखतो म्हणून, मग तलफ येते म्हणून. रवीच्या शाळेत, म्हणजे त्याच्या आईच्याच शाळेत, दरवर्षी सगळी मुलं अंगणात उभी राहून व्यसन न करण्याची शपथ घ्यायची. शपथ सांगणाऱ्या मुख्याध्यापिका पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पदराने तोंड झाकून.

रागावल्या की त्या शाळेतली मराठी बोलायच्या. आत्ता आवाज आला तो घरातला, नागपूरचा.

"किती वर्षं झाली, आठवत नाही. माझी आई लावायची. सोडायला गेली की डोकं फुटते. तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू?"

रवीला हसावं की रडावं कळेना. उपासनाला दोन्ही सुचलं नाही. ती म्हणाली, आणि त्याच हातांनी तुम्ही तिला भरवता?

"धुते ना मी हात. साबणानं धुते, दरवेळी, पोरीला घ्यायच्या आधी. एकदा तिच्या लाळेऱ्याला बोट लागलं, तर दिवसभर जीव खाल्ला मी माझा."

बाथरूमचा नळ, बेसिनचे कण, पर्स, सगळं एका दमात उलगडलं. आणि उपासनाच्या हातात काहीच उरलं नाही. तंबाखूत शिसं असेलही, पण मुलीच्या पोटात जावं एवढं बोटाच्या एका डागात? ती तपासणारी बाई होती. हे जुळत नाही, तिला आतून कळत होतं.

संघमित्राबाई आता पूर्ण मागे वळल्या. डोळे पुसलेले, चष्मा वाकडा.

"तुला वाटते मी त्या पोरीला विष घालून राहिली. पंधरा दिवस समजून राहिली मी, बोलली नाही. मी तिला काय देते सांगू? तू सकाळी जे करून ठेवते तेच देते. त्याच्यावर एक थेंब नाही. आंबील तुझी, तुझ्या आईच्या पातेल्यातली. मी फक्त चमचा धरते."

उपासनाचा चमचा थर्मासच्या तोंडाशी होता. तिथेच थांबला.

आईचं पातेलं. पितळेचं, छोटं, काठाला जरा वाकलेलं. आई गेल्यावर भावाने विचारलं होतं, ताई, तुला काय हवं? तिने तेवढंच मागितलं. भावाने ते बाजारातल्या कल्हईवाल्याकडून नव्याने कल्हई करून घेतलं आणि फडक्यात गुंडाळून दिलं. आतून आरशासारखं चमकत होतं. इला खायला लागल्यापासून रोज सकाळी उपासना त्यात आंबील शिजवायची, जशी आई तिच्यासाठी शिजवायची. त्या वेळात ती कोणाशी बोलायची नाही.

नर्सने भांडी विचारली तेव्हा ती स्टीलची म्हणाली. खोटं नव्हती बोलली. ते पातेलं भांड्यांत मोजायचं तिला सुचलंच नाही.

कल्हई म्हणजे कथिल. आणि कथिलात शिसं मिसळलं की ते लवकर वितळतं आणि स्वस्त पडतं, हे गाडीतल्या कोणाला नीट माहीत असेल तर ते उपासनाला. तिच्या ऑफिसात सर्किटं जोडायच्या डाखातून शिसं काढून टाकलं तेव्हा त्याच्या चाचण्या तिनेच केल्या होत्या. डाखात शिसं नाही, अशी सही तिची होती. घरी मात्र रोज सकाळी ती आंबट आंबील त्या चमकत्या तळावर शिजवत होती, ढवळत होती, आणि थोडी निवली की चाखून इलासाठी ठेवत होती. कोणताही कपडा उलटा करून बघणारी ती, आईची वस्तू तिने उलटी केली नाही.

तिने थर्मासचं झाकण लावलं. पहिल्यांदा आटे जुळेनात. इलाने रडता रडता तोंड उघडून चमच्याची वाट बघितली.

"काय झालं?" रवीने आरशातून विचारलं.

तिने सांगितलं. तीन-चार वाक्यांत, ऑफिसात सांगते तशी. पातेलं, कल्हई, शिसं, ताक. शेवटी म्हणाली, मी देत होते.

 इला पुन्हा सुरू झाली, अन्न दाखवून परत घेतल्याचा राग आवाजात होता. रवी म्हणाला, अजून नक्की थोडंच आहे, तपासल्याशिवाय कसं कळणार. 

पुढे बसलेल्या बाईंना हा क्षण हवा होता असंही कोणी म्हटलं असतं. पंधरा दिवसांचा संशय, आणि तो असा उलटलेला.  पण संघमित्राबाई खाली वाकून पर्समधून सांडलेल्या वस्तू गोळा करत होत्या. त्यात एक केळं होतं, सकाळी स्वतःसाठी घेतलेलं, एका बाजूने काळं पडलेलं. ते त्यांनी वर धरलं.

"उपासना, हे देऊ का तिला?"

उपासनाने केळं बघितलं. मग त्यांचे हात बघितले.

"आधी हात पुसा."

रवीने डोळे मिटले. आता काहीतरी होणार, त्याला वाटलं. पण संघमित्राबाईंनी दोन्ही तळवे सीटमधून मागे धरले, नखं तपासायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखे. उपासनाने ओले वाइप काढले आणि त्यांची बोटं एकेक करून पुसली. नखांच्या कडाही. मग तिने केळं सोलून अर्धं त्यांच्या हातात दिलं. दोन सीटच्या मधून हात मागे घालून सासूबाईंनी केळं बोटाने कुस्करलं आणि इलाला भरवलं. इलाने डोळे मिचकावले, पण ते आंबट नव्हतं. ती जरा फसल्यासारखी दिसली, मग खात राहिली.

कधीतरी बायसन बाजूला झाला. रांग सुटली. जिराफ आले आणि गेले. कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर रवी फोनवर क्लिनिकशी बोलायला लांब गेला. उपासना दार उघडं टाकून बसली होती. सासूबाई खाली उभ्या, इला त्यांच्या कडेवर.

"आई, मी तुमचं तिकीट बघून ठेवलं होतं. परतीचं."

"माहीत आहे. रवी गेले काही दिवस माझ्याशी फार गोड बोलतोय. लहानपणीही काही फोडलं की असाच बोलायचा."

"तुम्ही राहा."

"आत्ता नको सांगू," संघमित्राबाई म्हणाल्या. मराठी पुन्हा शाळेतली झाली होती. "आत्ता तुला वाईट वाटतंय म्हणून सांगतेस. रक्त तपासून येऊ दे. तेव्हाही हेच वाटलं तर सांग."

घरी गेल्यावर पातेलं ओट्यावरून खाली आलं ते पुन्हा चढलं नाही. आरोग्य खात्याची बाई येऊन ते तपासायला घेऊन गेली. कल्हईत शिसं निघालं, आणि थोडंथोडकं नव्हतं. त्या संध्याकाळी उपासनाने भावाला फोन केला. आधी त्याच्या मुलांना त्या कल्हईवाल्याने केलेल्या भांड्यातलं काही देतात का ते विचारलं. मग बराच वेळ आईबद्दल बोलली. भाऊ रडला. ती रडली नाही, निदान फोनवर नाही.

इलाच्या शिरेतून रक्त काढलं तेव्हा तिचे पाय सासूबाईंनी धरले, हात उपासनाने. आकडा अजून वरच होता. पुढच्या खेपेला खाली आला. शून्य नाही, पण खाली. पुढे काय दिसेल ते पुढे दिसेल, डॉक्टर म्हणाले. आता ते शरीरातून हळूहळू जाईल. मुलीशी बोला, खेळा, लोह असलेलं खायला द्या. उपासनाने अजून चार प्रश्न विचारले. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून सगळ्यांची उत्तरं दिली.

क्लिनिकमधून बाहेर पडताना तिने सासूबाईंचा हात धरला. असं ती करत नसे.

"आता सांगते. राहा. इला वर्षाची झाली तरी राहा, व्हिसा वाढवायचं बघू."

संघमित्राबाई थोडं चालल्या. बरं, म्हणाल्या.

"पण मशेरी सोडायची."

"प्रयत्न करते."

"मी बघणार आहे, आई. रोज."

"बघ," त्या म्हणाल्या आणि इलाची टोपी कानांवर ओढली. "मीही आता ओट्यापाशी खुर्ची टाकून बसणार आहे. तू काय शिजवतेस, कशात शिजवतेस, सगळं विचारून घेणार."